उरणजवळच्या जेएनपीए (पूर्वीच्या जेएनपीटी) बंदरातून भिवंडीला जाणाऱ्या कंटेनर ट्रकसाठी बंदीच्या वेळा शहरागणिक वेगळ्या का?

रस्ता सलग असला तरी हुकूम दोन ठिकाणांहून निघतो. उरण-कळंबोली नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात, तर शिळफाट्यापुढचं मुंब्रा-भिवंडी ठाणे पोलीस आयुक्तालयात. अवजड वाहनांच्या बंदीची अधिसूचना मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली निघते, ती आपापल्या हद्दीपुरतीच. एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) १९७५ पासून साऱ्या महानगर प्रदेशाचं नियोजन करते, पण ट्रक कधी सोडायचा हे ठरवणं तिचं काम नाही.

भोगतो तो ड्रायव्हर. हद्दीवर, रस्त्याच्या कडेला, तासन् तास. ना पाणी, ना शौचालय. माझ्या मते दोन्ही आयुक्तालयांनी बंदरासोबत बसून एकच वेळापत्रक काढावं आणि बंदीच्या काळात कंटेनर बंदराजवळच्या वाहनतळावरच थांबवावेत, शिळफाट्यावर नव्हे.