आयरिश फिडलवरची ‘धून’ की ‘चाल’? आणि तिचा ‘उगम’ कोणता?

प्रश्न असा : आयरिश फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) वाजणाऱ्या एखाद्या रीलबद्दल, म्हणजे नाचाच्या एका प्रकारच्या संगीताबद्दल, मराठीत लिहिताना ‘ट्यून’ला धून म्हणावे की चाल? आणि ‘ओरिजिन’ व ‘सोर्स’ या दोन्हींसाठी ‘उगम’ चालेल का?

रीलला धून म्हणावे. चाल म्हटली की शब्द आले. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल – अमुक’ असे छापलेले असते, ते याच अर्थाने. रील ही नाचासाठी वाजवायची. तिचे शब्दांवाचून अडत नाही. आयरिश भाषेतही गाण्याची चाल ती ‘फॉन’ आणि नाचाची धून ती ‘पोर्ट’ (याच शब्दाचा नेमका अर्थ ‘जिग’, म्हणजे नाचाच्या धुनेचा एक प्रकार, असाही होतो). त्यामुळे एखाद्या गाण्याचेच सूर फिडलवर संथपणे वाजवले, तर तिथे चाल हाच शब्द योग्य. ‘गत’ टाळावे, तो शब्द आपल्या तालचक्राशी फार घट्ट बांधलेला आहे.

‘उगम’ मात्र दोन्हींना चालणार नाही. ‘मिस मॅक्लाउड्स रील’ घ्या. आयर्लंडमध्ये ती इतकी रुळली आहे की बरेच जण तिला तिथलीच समजतात. पण स्कॉटलंडच्या गो या फिडलवादक घराण्याने १८०९ साली छापलेल्या धुनांच्या पाचव्या संग्रहात ती आहे. तिथल्या टिपेचा आशय असा : मूळची स्काय बेटावरची रील, मि. मॅक्लाउड यांनी कळवलेली. या एका ओळीत दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आल्या आहेत. स्काय हा उगम, मॅक्लाउड हा स्रोत. (‘स्त्रोत’ नव्हे, या शब्दात स ला र जोडलेला आहे, मध्ये त नाही.) रचना कुणाची, हे मात्र दोन्हींतून कळत नाही. आणि १८०९ हे छपाईचे साल आहे, धुनेच्या जन्माचे नव्हे. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

फ्रान्सिस ओ’नील यांच्या १९०३ च्या संग्रहातल्या १,८५० धुनांबाबतही हेच भान ठेवावे. ते शिकागोचे पोलीसप्रमुख होते आणि तिथल्या आयरिश स्थलांतरितांकडून त्यांनी पुष्कळ धुना मिळवल्या. अशा धुनेचा स्रोत शिकागोतला, उगम समुद्रापलीकडचा.

‘पारंपरिक’ हा शिक्काही जपून मारावा. ‘द हंटर्स हाउस’ ऐकायला शंभर टक्के पारंपरिक वाटते, पण ती एड रीव्ही यांची रचना आहे. ते कॅव्हन परगण्यात जन्मले आणि फिलाडेल्फियात प्लंबिंगचा व्यवसाय करत. अशा धुनेला ‘पारंपरिक वळणाची’ म्हणावे आणि रचनाकाराचे नाव द्यावे.

नोंद अशी करता येईल : ‘मिस मॅक्लाउड्स रील. धून. रचनाकार अज्ञात. उगम : स्काय, स्कॉटलंड (गो यांच्या टिपेनुसार). छापील आधार : गो, पाचवा संग्रह, १८०९. इथे दिलेला पाठ (धुनेचे वाजवले गेलेले रूप) : ज्या वादकाकडून किंवा ध्वनिमुद्रणावरून घेतला, त्याचे नाव व साल.’ यातला शेवटचा रकाना कधीही गाळू नये, कारण एकाच धुनेचे दोन वादकांकडचे पाठ सुरांतही वेगळे असतात.