शब्दशंका : ‘सुंखुसिस’ला सरसकट गोंधळ म्हणावं का?

प्रश्न : प्राचीन ग्रीक शिकतो आहे. ‘सुंखुसिस’ला कोशात गोंधळ, मिसळणं, शपथभंग असे एकमेकांशी न जुळणारे अर्थ दिलेत. भाषांतरात सगळीकडे ‘गोंधळ’ लिहिलं तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही चालणार. आधी शब्द फोडून पाहा. ‘सुन्’ म्हणजे एकत्र, ‘खेओ’ म्हणजे ओतणे. हे ‘खेओ’ आपल्या ‘हु’ धातूच्या, म्हणजे आहुतीच्या, नात्यातलं. खी या ‘ख’च्या ग्रीक अक्षराआधी ‘सुन्’मधल्या न्‌चा ङ्‌ होतो, सम् + गमचा सङ्गम होतो तसाच. लिहिताना मात्र तिथे गॅमा, म्हणजे ‘ग’चं अक्षर, येतो. म्हणून कोशात सिग्मा-उप्सिलॉन-न्यूखाली, म्हणजे ‘सुन्’खाली, शोधलंत तर शब्द सापडणार नाही.

मूळ चित्र असं एकत्र ओतण्याचं आहे. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात बाबेल या नगराचं नावच ‘सुंखुसिस’ केलंय, कारण तिथे भाषांची सरमिसळ झाली. बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19 मध्ये इफिस शहर सुंखुसिसने भरतं. लोक नाट्यगृहाकडे धावतात आणि आपण कशाला जमलोय हे बहुतेकांना ठाऊक नसतं. इथे ‘गोंधळ’ चपखल बसतो. (आपल्याकडे संबळ आठवेल, त्याला इलाज नाही.)

होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या चौथ्या सर्गाचं परंपरागत नाव मात्र ‘शपथांचं सुंखुसिस’ आहे. ग्रीक आणि ट्रॉयवासी यांच्यात तह ठरलेला असताना ट्रॉयच्या बाजूचा पांडारस ग्रीकांच्या मेनेलाउसवर बाण सोडतो. इथे ‘शपथभंग’च हवा, ‘शपथांचा गोंधळ’ लिहिलंत तर कोण काय बोललं याचा घोळ झाला असं वाटेल.

खरी गंमत स्टोइक या प्राचीन ग्रीक पंथाच्या तत्त्वज्ञांकडे आहे. त्यांच्यातला क्रिसिप्पस मिश्रणाचे प्रकार पाडतो. गहू आणि कडधान्याचे दाणे एकत्र केले तर ते नुसते शेजारी असतात. भडंगातला शेंगदाणा वेचून काढता येतो, तसे. द्राक्षारसात पाणी घातलं की ‘क्रासिस’ : दोन्ही सगळीकडे पसरतात, पण गुण टिकवून. तेलात बुडवलेल्या स्पंजाने त्यातलं पाणी परत काढता येतं, असं ते सांगत. तिसरं सुंखुसिस, औषधांत आणि सुगंधी द्रव्यांत होतं ते : मूळ गुण नाहीसे होऊन तिसराच पदार्थ तयार होतो. हळदीत चुना कालवला की पिवळं उरत नाही, पांढरंही नाही, लाल होतं, साधारण तसं. पण त्यावर लिंबू पिळलं की पिवळा रंग परत येतो, तिथे हा दृष्टान्त लंगडा पडतो. या अर्थाला ‘एकजीव होणे’सुद्धा पुरत नाही, पिठल्यातलं पीठ एकजीव होऊनही पीठच राहतं. ‘विलयन’ लिहा.

शेजारच्या दोन शब्दांशी गल्लत करू नका. ‘ताराखे’ म्हणजे ढवळणं; तळाचा गाळ वर यावा तशी खळबळ. ‘अपोरिया’त ‘पोरोस’, म्हणजे नदी ओलांडायचा उतार, सापडत नाही. तिथे ‘पेच’ लिहा.