पहिल्या स्कीच्या कोअरला पॉप्लर घ्या, पण खरं काम जाडीचं

तुमचे प्रश्न दोन: डेन्व्हरच्या लाकूडवाल्याकडे पॉप्लर, ॲश, मेपल असं सगळं मिळतं, त्यातलं घरी बनवायच्या पहिल्या स्कीला कोणतं घ्यावं, आणि अख्खी फळी कोअर (स्कीच्या आतला लाकडी गाभा) म्हणून चालेल का.

अख्खी फळी नकोच. रुंद फळी ओलावा घेताना-सोडताना बाक धरते, पीळही घेते. तीच फळी टेबल सॉवर १५-२० मिमीच्या पट्ट्यांत चिरा, पट्ट्या उभ्या करून शेजारी शेजारी चिकटवा आणि एकाआड एक पट्टी उलटी वळवा, म्हणजे एकीचा बाक दुसरी मारते. गाठ आली तर तेवढा तुकडा काढून टाका, कारण ती नेमकी पातळ टोकाला आली की तिथेच मोडतं. लाकडातला ओलावा ६ ते ८ टक्के असावा. चिकटवायला पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद पुरतो.

आता लाकडाची जात. बहुतेक जण इथेच अडकून बसतात, पण स्कीचा कडकपणा मुख्यतः वरखालच्या फायबरग्लासमुळे येतो. लाकडाचं काम ते दोन थर एकमेकांपासून लांब धरण्याचं, मधला शिअर (थर एकमेकांवर सरकवू पाहणारा ताण) झेलण्याचं आणि स्क्रू पकडून ठेवण्याचं. त्यामुळे जातीपेक्षा जाडी भारी पडते. ग्लासमुळे येणारा कडकपणा जाडीच्या साधारण वर्गात वाढतो, लाकडाचा स्वतःचा घनात. पायाखाली १० मिमीऐवजी ११ झाले तर पहिला २१ टक्क्यांनी वाढतो, दुसरा ३३ टक्क्यांनी. टोकाशी, जिथे जाडी जेमतेम २ मिमी असते, तिथे अर्धा मिमी इकडेतिकडे म्हणजे स्कीचा स्वभावच बदलला. पायाखाली १० ते १२ मिमी ठेवा. स्नोबोर्डला मध्ये ७-८ पुरे.

म्हणून पॉप्लर: स्वस्त, सरळ रेषांचं, रंध्याला सोपं, घनमीटरला सुमारे ४५० किलो. मेपल ७०० च्या आसपास जातं. अख्खी स्की मेपलची केलीत तर चढावर पाय शिव्या देतील, पण पायाखालून जाणाऱ्या दोन-तीन पट्ट्या मेपलच्या किंवा ॲशच्या जरूर घाला, बाइंडिंगचे (बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीचे) स्क्रू त्यांतच बसतात. पॉलोनियाचं लाकूड हलकं खरं, पण नुसत्या त्यात स्क्रू धरत नाही. (घरून ‘सागवान लाव की’ असा सल्ला येईलच. जड असतं आणि तेलकटपणामुळे इपॉक्सी (थर चिकटवणारं रेझिन) धरायलाही कटकट करतं.)

जाडी उतरवायला थिकनेस प्लॅनर (एकसारख्या जाडीला तासणारं रंध्याचं यंत्र) वापरणार असाल तर खाली उताराचा साचा करून कोअर त्यावर दुहेरी टेपने चिकटवा. रंधा जाडीकडून टोकाकडे चालला पाहिजे, उलट गेलात तर रेषा उचकटतात. शेवटच्या ३ मिमी जाडीत मात्र माझा प्लॅनरवर विश्वास नाही, तिथे राउटर (फिरत्या पात्याचं हातयंत्र) आणि तो सरकवायला दोन कललेले रूळ बरे. वेळ जातो, पण कोअरच्या चिंध्या होत नाहीत.

साइडवॉल (कोअरच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी) जाडी उतरवण्याआधीच कोअरला चिकटवून टाका, दोन्ही एकत्र उतरतात. ती एबीएस प्लॅस्टिकची असेल तर खरखरीत घासून घ्या. यूएचएमडब्ल्यूला (गुळगुळीत, चिवट पॉलिथिलीनला) ज्योत फिरवल्याशिवाय इपॉक्सी धरणार नाही.

प्रेसमध्ये (सगळे थर दाबून चिकटवणाऱ्या साच्यात) घालण्याआधी जोडीतले दोन्ही कोअर दर १० सेमीवर कॅलिपरने मोजून आकडे शेजारी शेजारी लिहा. दोन्हींत ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर जाड असलेली घासून खाली आणा.