घाम फुटायच्या आधी थांब

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला. तुझा नाही, मधल्या एका वाक्याचा. 'अंगात तीन स्वेटर, वर मिळाला तेवढा जाड कोट, तरी कामावर पोचेपर्यंत आतून भिजलेला असतो आणि मग दिवसभर हाडं काकडतात. माझं शरीरच या हवेसाठी नाही बहुतेक.' शरीराचं नंतर बघू. 'आतून भिजलेला' हे दोन शब्द इतक्या सहज लिहून तू पुढे गेलास की तिथेच तुझं मनगट धरून तुला थांबवावंसं वाटलं. अरे, तुझी सगळी थंडी त्या दोन शब्दांत आहे.

धीर धर वगैरे मी लिहीत बसत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि या पत्रात ती मी इतक्यांदा सांगणार आहे की तू वैतागशील. घाम फुटायच्या आधी थांब.

कपड्यांचे थर ऊब देतात म्हणजे काय, तर थरांमध्ये अडकलेली कोरडी हवा ऊब धरून ठेवते. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की संपलं, कारण पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. तू जाड कोट चढवून उशीर झाला म्हणून तरातरा चालत निघतोस. चालताना अंगाची भट्टी पेटलेली असते, तोवर सगळं छान वाटतं. मग थांब्यावर उभा राहतोस. भट्टी मंदावते, पाठीला ओला बनियन चिकटलेला असतो, आणि पुढची वीस मिनिटं तो तुझी ऊब पीत राहतो. यावर तू केलेला उपाय म्हणजे आणखी एक स्वेटर. म्हणजे आणखी घाम!

बनियन सुती असणार, पैज लावते. तो आजच बाजूला ठेव. सूत पाणी पितं आणि सोडत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाही. अंगालगत पातळ लोकरीचा किंवा थर्मलचा थर, मध्ये सैलसर ऊबदार काहीतरी, वर वारा अडवणारं. आणि घरातून निघताना किंचित थंडी वाजलीच पाहिजे. दारातच उबदार वाटलं तर एक थर जास्त झालाय असं समज. चालायला लागल्यावर कोटाची चेन गळ्यापासून छातीपर्यंत खाली घे, मफलर सोड, चढ लागला तर कानटोपीही खिशात घाल. थांबलास की लगेच सगळं परत बंद कर. बुटांचंही तेच. दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट केलेस तर रक्त बोटांपर्यंत पोचत नाही. एकच लोकरी मोजा घाल, आणि बुटात बोटं हलली पाहिजेत.

हे माझं घरगुती शहाणपण नाही. नॉर्वेचा ध्रुव-प्रवासी रोआल्ड अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचला. त्याच्या कितीतरी आधी, १९०३ ते १९०५ मध्ये, तो उत्तर कॅनडातल्या नेत्सिलिक इन्युइट लोकांच्या शेजारी राहिला होता आणि कातडीचे सैल, हवा खेळती ठेवणारे कपडे कसे घालायचे हे त्यांच्याकडून शिकला होता. पिढ्यान्‌पिढ्या बर्फात राहणाऱ्या माणसांची पहिली काळजी घामाची असते. उलटं उदाहरणही त्याच वर्षाचं आहे. १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात, त्याच ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतले तिघेजण पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला गेले. सामानाच्या घसरगाड्या स्वतःच ओढत होते. रात्री घाम आणि श्वासातली वाफ झोपायच्या पिशव्यांत मुरायची आणि गोठायची. पाच आठवड्यांनी परत आले तेव्हा एकेक पिशवी सात ते बारा किलोंनी जड झाली होती. स्वतःच्याच अंगातून निघालेल्या पाण्याचा बर्फ त्यांनी पाच आठवडे ओढत नेला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते, कारण तोपर्यंत मलाही किंमत मोजावी लागली होती.

माझा पहिला हिवाळा. रात्रभर बर्फ पडला होता, सकाळी मी तो एका दमात उपसला, न्हाऊन निघावं तशी भिजले, आणि कपडे न बदलता तशीच धावत बस गाठायला गेले. बस चाळीस मिनिटं आली नाही. आधी हुडहुडी भरली, मग डाव्या हाताची करंगळी दुखायला लागली, मग दुखायची थांबली. थांबली म्हणून मला बरं वाटलं. हातमोजा काढला तर बोट मेणबत्तीसारखं पांढरं आणि टणक झालेलं. एका भल्या माणसाने सांगितलं म्हणून मी त्यावर बर्फ चोळला. कधीही चोळायचं नसतं, बर्फ तर नाहीच. आत शिरायचं, आणि पुन्हा गोठायची भीती नसेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बोट बुडवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. त्या करंगळीला आजही सुई टोचली तर कळत नाही. दुखणं थांबणं ही बरी खूण नसते, एवढं मला तिने शिकवलं. हुडहुडीचंही तसंच. अंग थरथरतंय तोवर ते झगडतंय. थरथर थांबली, बोलणं अडखळायला लागलं, पाय वेडेवाकडे पडायला लागले, म्हणजे अंगाचं आतलं तापमान ३५ अंशांच्या बरंच खाली गेलंय. तिथे मग वाट बघायची नसते.

आता फावड्याचं. तू लिहिलंस की शेजारचे अर्ध्या तासात अंगण मोकळं करतात आणि तुला दोन तास लागतात, म्हणून लाज वाटते. लाज? जरा हिशेब कर. १० मीटर लांब, ३ मीटर रुंद वाट आणि त्यावर २० सेंटिमीटर बर्फ, म्हणजे ६ घनमीटर. ताजा भुरभुरीत बर्फ घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो, म्हणजे ३०० ते ६०० किलो. तोच ओला होऊन बसला तर घनमीटरला ३०० किलो सहज होतात, म्हणजे १८०० किलो. हे तू सकाळी उठल्या उठल्या, आखडलेल्या स्नायूंनी, हातांच्या जोरावर उचलणार. आणि रस्ता साफ करणारी गाडी फाटकाशी जो बांध घालून जाते तो वेगळाच, दगडासारखा.

म्हणून बर्फ पडून संपायची वाट बघू नकोस. दर दहा सेंटिमीटरला एकदा बाहेर ये. उचलण्यापेक्षा ढकल. उचलावाच लागला तर अर्धं पातं भर, गुडघ्यातून वाक, खांद्यावरून मागे भिरकावू नकोस. पात्याला आधी मेणबत्ती घासून ठेव, म्हणजे बर्फ चिकटत नाही. दहा मिनिटं झाली की हातमोजा काढून कॉलरमधून पाठीवर हात घाल. कोरडी असेल तर पुढे चालू दे. दमट लागली तर फावडं तिथेच ठेव आणि आत जा, मग वाट अर्धी का राहिलेली असेना.

हे मी इतकं घोळून का सांगतेय, ते सांगितल्याशिवाय पत्र पुढे जाणार नाही.

माझ्या समोरच्या घरात एक गृहस्थ राहायचे. साठी उलटलेली, तब्येतीने खणखणीत. एका सकाळी मी खिडकीत उभी होते आणि ते ओला बर्फ उपसत होते. कोट उघडा, टोपी काढून कुंपणाच्या खांबावर ठेवलेली, डोक्यातून वाफ निघत होती. दर खेपेला श्वास रोखून पूर्ण पातं भरून मागे फेकत होते. मला सगळं कळत होतं. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. त्यात हातांचं जड काम, त्यात श्वास रोखणं, म्हणजे हृदयावर सगळीकडून एकदमच भार येतो. हे मी वाचलेलं होतं, माझी करंगळी मला रोज त्याची आठवण करून देत होती, आणि तरी मी खिडकी उघडली नाही. म्हटलं, आपण कोण सांगणार. इतकी वर्षं बर्फात काढलेला माणूस, त्यांना काय वाटेल. मी भांडी घासायला वळले. परत बघितलं तेव्हा ते खाली पडलेले होते. फावडं बर्फात उभं रुतलेलं होतं. संध्याकाळपर्यंत खांबावरची टोपी बर्फाने काठोकाठ भरली, आणि ती कोणी उचलली नाही.

मी गेले असते तर ते वाचलेच असते असं मी म्हणत नाही. रात्री कधी कधी म्हणते. पण तेव्हापासून मी सांगते. ओळख असो नसो, रस्त्यात कोणी घामाघूम होऊन उपसताना दिसला की थांबते आणि सांगते. लोक हसतात, काही जण तोंडावर म्हणतात की बाईला नाक खुपसायची सवय आहे. आहे. माझी वाट गल्लीत सगळ्यात शेवटी मोकळी होते, त्यावरूनही बोलतात. बोलू देत. तीस हिवाळे झाले, मी एकदाही ओली होऊन आत आले नाही, आणि हे मी अभिमानाने लिहिते आहे. तुला जर वाटत असेल की मी तुझ्यावर उगाच डाफरते आहे, तर ती खिडकी आठव.

आता तुझ्या शरीराबद्दल. ते या हवेसाठी नाही हे तुला कोणी सांगितलं? शरीर थंडी शिकतं, फक्त उन्हाळ्याइतकं भराभर आणि भरपूर शिकत नाही. बोटं गार पाण्यात धरली की आधी रक्तवाहिन्या मिटतात, पण काही मिनिटांनी थोड्या उघडतात, पुन्हा मिटतात. ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये हे मांडलं. वारंवार थंडीत हात वापरणाऱ्यांमध्ये हे उघडणं जास्त चांगलं दिसतं. प्रौढ माणसांतही ऊब तयार करणारी तपकिरी चरबी जागी असते, हे २००९ मध्ये पक्कं झालं. रोज थोडा वेळ थंडीत गेलास तर दोन-तीन आठवड्यांत हुडहुडी उशिरा भरायला लागेल. पण रोज जायचं, आठवडाभर घरात दडून एका दिवशी शौर्य गाजवायचं नाही. आणि कोरडं जायचं. शरीर देईल ते थोडंच असेल, बाकीचं सगळं तुझ्या वागण्यातून यायचं आहे. जे लोक तुला सहज वावरताना दिसतात ना, त्यांचं रक्त वेगळं नाहीये. ते चेन कधी उघडायची आणि कधी लावायची हे न विचार करता करतात, बस.

आकडा बघशील तेव्हा नुसतं तापमान बघू नकोस, वाऱ्यासकट जाणवणारी थंडी बघ. ती उणे २८ च्या खाली गेली की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी नाक-कान झाक, आणि पाच बोटांचे हातमोजे सोडून चार बोटं एकत्र राहणारे घाल. निसरड्यावर मीठ टाकतोस ते ठीक, पण उणे नऊ-दहाच्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, तिथे वाळू टाक. चालताना हात खिशात नकोत, पावलं छोटी आणि सपाट टाक. गाडी बर्फात अडकली तर इंजिन सुरू करण्याआधी धुराच्या नळीपुढचा बर्फ काढ. १९७८ च्या फेब्रुवारीत बॉस्टनजवळ हमरस्त्यावर हजारो गाड्या अडकल्या होत्या, आणि त्यात माणसं थंडीने नाही, गाडीत साचलेल्या धुराने गेली.

चार वाजता अंधार पडतो आणि काही करावंसं वाटत नाही, हेही तू शेवटी ओझरतं लिहिलंयस. ते लपवून ठेवू नकोस. त्यासाठी सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर बसायचा उपचार आहे, डॉक्टरांना विचारून सुरू कर. माझी त्या बाबतीत गती नाही. पण दिवसभर ओल्या बनियनमध्ये कुडकुडणारा माणूस अंधाराशी तरी कसा झगडणार? आधी ते बदल.

परत यावं का, असं तू विचारलंस. याचं उत्तर मी आज देणार नाही. भिजलेल्या माणसाने घेतलेल्या निर्णयावर माझा विश्वास नाही. उद्या अर्धा तास लवकर नीघ, म्हणजे धावावं लागणार नाही. एक स्वेटर घरी ठेव. थांब्यावर पोचलास की हातमोजा काढ, कॉलरमधून पाठीवर हात घाल, आणि मला दोनच शब्द लिही. कोरडी की ओली.

तुझी,
मावशी