प्रेसवर नवा आहेस, आधी हात सांभाळ

साहेब म्हणतात सेन्सर (हात आत गेला की प्रेस थांबवतो तो) बंद करून माल काढ, काय करू, असं विचारलंस. अठरा वर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवर, काढलीत म्हणून सांगतो: माल काढ, पण सेन्सर चालू ठेवूनच.

नव्या पोरांची पहिली चूक म्हणजे दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या दोन बटणांपैकी एकात काडी खोचून ते दाबून ठेवणं. एक हात मोकळा झाला, की अडकलेला पीस काढायला तो डायमध्ये, म्हणजे साच्यात, जातोच. माझाही गेला होता. डावी करंगळी अर्धीच आहे. "काही होत नाही रे" म्हणणारा साहेब नंतर दवाखान्यात फिरकलासुद्धा नाही.

दुसरी चूक, मोटर बंद म्हणजे मशीन बंद असं समजणं. फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, फिरतच असतं. ते पूर्ण थांबेपर्यंत हात आत घालायचा नाही.

साहेबाशी भांडू नकोस, चारचौघांत तर नाहीच. शांतपणे म्हण, "साहेब, तेवढं लॉगबुकात लिहून सही द्या." बऱ्याचदा ऑर्डर तिथंच विरते. आणि लिहून दिलंच तरी:

- सेन्सर बंद ठेवून मशीन चालवू नकोस, मेंटेनन्सला बोलाव.
- सेफ्टी ऑफिसरला मेसेज टाक, तारीख-वेळ राहते.
- जुन्या ऑपरेटरला सोबत घे. एकट्याचं बोलणं हवेत जातं.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, तिथली तक्रार, ते सगळं नंतर बघू. घाबरू नकोस, विचारलंस हेच बरं केलंस. उद्या शिफ्टला गेलास की ठेकेदाराला आधी विचार, ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर निघाला का.