शंका-समाधान: ओआरएम असताना थेट एसक्यूएल

प्रश्न: हापूसच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये लिहिलंय, खाली पोस्टग्रेस डेटाबेस आहे. दलालनिहाय चढती बेरीज हवी म्हणून ओआरएम (कोडवरून एसक्यूएल आपोआप बनवणारा भाग) सोडून मॉडेलवर (तक्त्याचं कोडमधलं रूप) 'रॉ' वापरून थेट एसक्यूएल चालवलं. आधी प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) नाही म्हणून अडलं. ती घातल्यावर चालतंय, पण 300 ओळींची यादी उघडायला फार वेळ लागतो. शिवाय डि'सोझा नावाचा बागायतदार शोधला की क्वेरीच मोडते. (एक वाचक, देवगड)

उत्तर: आधी डि'सोझांचं बघू, कारण बाकीच्या दोन गैरसोयी आहेत, हा धोका आहे. तुम्ही नाव एफ-स्ट्रिंगने (मजकुरात मूल्य थेट मिसळायची पायथनमधली पद्धत) क्वेरीत चिकटवलेलं दिसतंय. मग 'डि'सोझा' या नावातला अपॉस्ट्रॉफी डेटाबेसला मजकूर संपल्याची खूण वाटतो आणि उरलेला 'सोझा' त्याला कळत नाही. कोकणात अशी आडनावं घरोघरी, म्हणून चूक निदान उघडी पडली. कुणी त्याच रकान्यात मुद्दाम रचलेला मजकूर टाकला, तर एरर न येता सगळा तक्ता त्याच्या हाती जाईल.

क्वेरीत नावाच्या जागी फक्त %एस ही खूण ठेवा (एस अर्थात इंग्रजी, लहान अक्षरातला) आणि नाव 'रॉ'ला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून यादीत द्या. एकच मूल्य असलं तरी चौकोनी कंस हवाच. खुणेभोवती अवतरण चिन्हं घालू नका. ते काम ड्रायव्हरचं (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी), तुम्ही घातलीत तर केलेली सोय वाया जाते. लाइकने (नावाच्या तुकड्यावरून) शोधताना टक्क्याचं चिन्ह क्वेरीत न लिहिता मूल्यातच जोडून द्या, नाहीतर ड्रायव्हर त्यालाही खूण समजतो. कॉलमचं किंवा तक्त्याचं नाव मात्र असं देता येत नाही. 'दरानुसार लावा, तारखेनुसार लावा' असं बटण असेल तर चालणाऱ्या कॉलमांची यादी कोडमध्येच ठेवा आणि आलेलं नाव त्यात असेल तरच घ्या.

प्रायमरी कीची अट अशासाठी की 'रॉ' प्रत्येक ओळीचं मॉडेल ऑब्जेक्ट बनवतो, आणि कीशिवाय ते कोणत्या नोंदीचं हे ठरत नाही. वेळेचं कारणही त्यातच आहे. सिलेक्टमध्ये न मागितलेलं फील्ड, समजा मोबाइल नंबर, टेम्प्लेटमध्ये छापलं की जँगो ते त्या एका ओळीसाठी वेगळी क्वेरी करून आणतो. 300 ओळी म्हणजे 301 क्वेऱ्या. जे छापायचंय ते सगळं सिलेक्टमध्ये मागा. नुसते आकडे हवे असतील तर मॉडेलची गरजच नाही. कनेक्शनवरून कर्सर (क्वेरी चालवून ओळी देणारा ऑब्जेक्ट) घ्या आणि ओळी थेट वाचा.

खरं तर चढत्या बेरजेसाठी 'रॉ' लागतच नाही. जँगो 2.0 पासून ओआरएममध्ये विंडो एक्स्प्रेशन (ओळी न गुंडाळता गटागटाने हिशेब करणारी सोय) आहे: सम, पार्टिशन दलालावर, क्रम तारखेवर. एकाच तारखेला दोन नोंदी असतील तर क्रमात आयडीही घाला, नाहीतर दोन्ही ओळींना सारखीच बेरीज दिसेल.

प्रश्न: एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या डेटाबेस लायब्ररीत एंजिनवरून कनेक्शन उघडून बांगड्याचा दर अपडेट करतो. एरर येत नाही, पण तक्त्यात दर जुनाच. आवृत्ती 2 घेण्याआधी हेच चालत होतं. (एक वाचक, मालवण)

उत्तर: जुन्या आवृत्तीत अशा अपडेटला आपोआप कमिट होत असे (म्हणजे बदल कायम होई), 2.0 मध्ये ते काढून टाकलंय. विथ ब्लॉक संपताना कनेक्शन बंद होतं आणि कमिट न झालेला बदल रोलबॅक होतो, म्हणजे मागे घेतला जातो. एंजिनवर 'कनेक्ट'ऐवजी 'बिगिन' वापरा. ब्लॉक नीट संपला की कमिट आपोआप, मध्ये एरर आली तर रोलबॅक. क्वेरी 'टेक्स्ट'मध्ये गुंडाळा, दराच्या जागी आधी अपूर्णविराम (:) लावून नाव लिहा आणि मूल्य डिक्शनरीतून द्या.

त्यानंतरही स्क्रीनवर जुना दर दिसला तर दोष सेशनचा (वाचलेले ऑब्जेक्ट सांभाळणारा ओआरएमचा भाग). आधी वाचलेला ऑब्जेक्ट त्याच्या मेमरीत तसाच असतो, थेट एसक्यूएलने खाली काय बदललं ते त्याला कळत नाही. त्या ऑब्जेक्टवर सेशनचं 'रिफ्रेश' चालवा.