हेवी मेटल संगीतासाठी गिटार घेतोयस? आधी ब्रिज बघ

तीस-चाळीस हजारांची गिटार घेणार असशील, तर टोकदार बॉडी आणि रंग नंतर बघ. आधी ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात तो भाग. ‘फ्लॉइड रोज’ हा हलणारा ब्रिज भारी दिसतो, पण तो स्प्रिंगांच्या ताणावर तोललेला असतो. ड्रॉप डी ट्यूनिंगसाठी सहावी, सगळ्यात जाड तार ई वरून डी वर उतरवलीस की बाकीच्या पाच तारा चढतात, मग पुन्हा सगळं जुळवत बस. तुला वेगवेगळ्या ट्यूनिंगमध्ये वाजवायचं असेल, तर फिक्स्ड (न हलणारा) ब्रिजच घे, हे मी आग्रहाने सांगतो.

ब्रिजपाशी हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) हवाच. पिकअप पुढे बदलता येतो. नेक (गिटारची मान) वाकडी निघाली किंवा फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) नीट बसलेले नसले तर मात्र खर्च वाढतो. दुकानात प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघ, लाजू नकोस.

नव्या गिटारला बहुधा ९-४२ च्या (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच, सगळ्यात जाड ०.०४२ इंच) तारा असतात. आणखी खालच्या ड्रॉप सी ट्यूनिंगला त्या लोंबतात, २५.५ इंची स्केलवर (तारेची वाजणारी लांबी) १०-५२ चा सेट लाव आणि लगेच सेटअप करून घे. जाड तारांनी ताण बदलतो, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागतो का) पुन्हा बघावंच लागतं. कोकणात किंवा मुंबईत राहत असशील तर पावसाळ्यात वाजवून झाल्यावर तारा पुसत जा, गंज फार लवकर धरतो.

आणि गेन, म्हणजे अँपवर आवाज फाटवण्याचा जोर, कमी ठेव! जास्त गेनमध्ये चुका लपतात. पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवणं) स्वच्छ येईपर्यंत मेट्रोनोमवर सावकाश, फक्त डाउनस्ट्रोक, म्हणजे वरून खाली मारलेले.